दर सहा महिन्यांनी फॉरमॅट मारायची खरंच गरज असते का?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप पाच वर्षांचा आहे, विंडोज १० आहे, सुरू व्हायलाच सात-आठ मिनिटं घेतो, आणि मित्र म्हणतो दर सहा महिन्यांनी फॉरमॅट मारत जा, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकत जा, नव्यासारखा पळेल. खरंच गरज असते का?

नसते. तुमचा मित्र चुकीचं सांगतोय.

मी संगणकातली इंजिनियर नाही. तासगाव तालुक्यात आमचं खत-बियाणांचं दुकान आहे आणि हिशेबाचं सगळं मी बघते. पण फॉरमॅट हा शब्द निघाला की मला गप्प बसवत नाही. याच शब्दापायी २०१७ च्या खरिपात एका म्हाताऱ्या माणसाला मी त्याच्या तोंडावर खोटं ठरवलं होतं.

त्या वर्षी १ जुलैला जीएसटी लागू होणार होता. बिलाचं सॉफ्टवेअर बदलायचं होतं, म्हणून मेच्या शेवटी आमचे धाकटे दीर आले. घरातले सगळे कॉम्प्युटर तेच बघतात. म्हणाले, "वहिनी, एवढं करतोयच तर एकदा फॉरमॅट मारून टाकतो. कचरा फार झालाय." मशीन विंडोज ७ चं होतं आणि हळू चालत होतं हे खरं. मी विचारलं, माझ्या फायली? ते म्हणाले, "एक फाईल जाणार नाही, माझी जबाबदारी." आणि शब्द पाळला त्यांनी. डेस्कटॉपवरचं, माय डॉक्युमेंट्समधलं, सगळं आधी बाहेरच्या डिस्कवर घेतलं, वर पेनड्राइव्हवर दुसरी प्रत काढली. संध्याकाळी मशीन परत दिलं तेव्हा खरंच एक फाईल कमी नव्हती.

आमच्याकडे उधारीची रीत अशी आहे की ९० दिवसांच्या आत पैसे आले तर बिलावर २ टक्के सूट, त्यानंतर नाही. बिलाच्या सॉफ्टवेअरला हे जमत नव्हतं, म्हणून उधारीची वही मी एक्सेलमध्ये ठेवायचे. तारीख, नाव, माल, रक्कम, आणि शेवटच्या रकान्यात एक सूत्र. आजच्या तारखेतून मालाची तारीख वजा करायची, ९० च्या आत असेल तर "सूट", वर गेलं तर "नाही". ते सूत्र मी स्वतः बसवलेलं होतं आणि चार वर्षं बिनचूक चाललं होतं. जूनला नेहमीप्रमाणे खरिपाची नवी शीट उघडली आणि नोंदी टाकायला लागले.

थोड्या दिवसांत काही ओळींमध्ये "सूट" किंवा "नाही" यायच्या ऐवजी हॅश-व्हॅल्यू असा एरर यायला लागला. सगळ्या ओळींत नाही, काहींतच. दिरांना फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, विंडोज नवीन आहे, त्यात काही प्रॉब्लेम नाही. तुमचं सूत्र कुठेतरी हललं असेल." सूत्र चार वेळा तपासलं, त्यात काही चूक दिसेना. पण पेरण्या चालू होत्या, वर जीएसटीची धांदल. खतावर किती टक्के लागणार हेच शेवटच्या दिवसापर्यंत बदलत होतं. मी एरर आलेल्या ओळींचे दिवस बोटांवर मोजायचे आणि ज्या ओळी नीट उत्तर देत होत्या त्यांच्यावर विश्वास ठेवायचे.

२८ ऑगस्टला, ऐन गणपतीत, एक आण्णा आले. सासऱ्यांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. सोयाबीनचं बियाणं आणि डीएपीची पोती नेली होती, बिल १४,२०० रुपयांचं. त्यांनी सुटीचे २८४ वजा करून १३,९१६ रुपये मोजून आणलेले, सुटी नाणीसुद्धा. मी नाव काढलं तर समोर "नाही". मी म्हटलं, आण्णा, ९० दिवस होऊन गेले, सूट बसत नाही.

ते म्हणाले, "सूनबाई, मृग निघायच्या आधी चार-पाच दिवस माल नेलाय मी. अजून तीन महिने व्हायचेत."

मी म्हटलं, "आण्णा, कॉम्प्युटर सांगतोय."

दुकानात पाच-सहा माणसं उभी होती. ते परत काही बोलले नाहीत. बंडीच्या आतल्या खिशातून वरचे २८४ काढले, काउंटरवर ठेवले आणि गेले. त्यानंतर रब्बीचं खत न्यायला ते आमच्याकडे आलेच नाहीत.

दिवाळीच्या आधी मी बिलबुक समोर घेऊन उधारी जुळवायला बसले. रात्री अकराच्या पुढे, दुकान बंद, शांत. तेव्हा पहिल्यांदा तारखांच्या रकान्याकडे नुसतं बघत बसायला वेळ मिळाला. काही तारखा रकान्याच्या उजव्या कडेला होत्या, काही डाव्या. डावीकडच्या एकेक वाचत गेले: १३ जून, १९ जून, २४ जुलै, ३० जुलै. उजवीकडच्या: ३ जून, ११ जून, ८ जुलै. एकाही महिन्यात १२ च्या वरची तारीख उजवीकडे नव्हती आणि १२ च्या आतली डावीकडे नव्हती. १३ वा महिना नसतो, हे लक्षात आलं आणि हातपाय गार पडले.

कंट्रोल पॅनलमध्ये रीजन उघडलं, म्हणजे कोणत्या देशाची पद्धत वापरायची ते ठरवणारं सेटिंग. तिथे "फॉरमॅट" नावाची चौकट असते (हा तारीख-आकडे लिहायच्या पद्धतीचा फॉरमॅट), तिच्यात लिहिलेलं होतं: इंग्लिश, युनायटेड स्टेट्स.

अमेरिकेत आधी महिना लिहितात, मग दिवस. मी ३-६-२०१७ टाकलं की मशीन ते ६ मार्च धरत होतं आणि पडद्यावर ३/६/२०१७ असंच दाखवत होतं, त्यामुळे मला ३ जूनच दिसायचा. १३-६ टाकलं की १३ वा महिना नाही म्हणून ती तारीखच न धरता नुसता मजकूर म्हणून डावीकडे टाकत होतं, आणि मजकुरातून दिवस वजा होत नाहीत म्हणून एरर. आण्णांचा माल ३ जूनचा. २८ ऑगस्टला त्याला ८६ दिवस झाले होते. मशीनच्या हिशेबाने १७५. उलटंही झालं होतं. ८ जूनचा माल मशीनला ६ ऑगस्टचा वाटत होता, त्यामुळे ज्यांची मुदत संपली होती त्यांनाही सूट मिळून गेली. ती माणसं तक्रार करायला कशाला येतील?

मला सगळ्यात जास्त याचा त्रास झाला की एरर आलेल्या ओळी बरोबर होत्या, कारण त्या मी हाताने मोजल्या होत्या. ज्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला त्याच चुकल्या होत्या.

सेटिंग इंग्लिश, इंडिया केलं, पण टाकलेल्या नोंदी त्याने सुधारत नाहीत. एक्सेल तारखेचा एक आकडा करून ठेवतो, ६ मार्चचा आकडा ६ मार्चचाच राहतो. ६-६, ७-७, ८-८ अशा सोडल्या तर १ ते १२ मधली प्रत्येक तारीख बिलबुकावरून परत टाकावी लागली. डावीकडच्याही परत टाकल्या. तीन रात्री गेल्या.

दिवाळीच्या पाडव्याला मी आणि आमचे हे आण्णांच्या घरी गेलो. चूक सांगितली, २८४ रुपये परत दिले. त्यांनी घेतले, मोजले, चहा पाजला. म्हणाले, "दुसरीकडं खातं उघडलंय आता, ह्या साली तरी मोडता येत नाही." त्यांचं बरोबर होतं.

आणि दीर? त्यांचं म्हणणं आजही तेच आहे: "वहिनी, तुमचा डेटा सगळा परत दिला ना? मग गेलं काय?" आठ वर्षं झाली, दर दिवाळीला हा वाद होतो. भाऊजी, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे, म्हणून इथेच लिहिते. फायली परत आल्या, पण त्या फायली ज्या सेटिंगवर उभ्या होत्या ती सेटिंग गेली. तेव्हाचं विंडोज टाकताना पहिल्याच पडद्यावर तीन चौकटी यायच्या: भाषा, वेळ आणि चलनाची पद्धत, कीबोर्ड. मधल्या चौकटीत इंडिया निवडायला पाच सेकंद लागायचे. तुम्ही नेक्स्ट दाबलंत. गावोगावी विंडोज टाकून देणारी बहुतेक मंडळी नेक्स्टच दाबतात, आणि मग गिऱ्हाइकाला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय.

तारखेचं एकटंच नव्हतं. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड गेला. उजवा ऑल्ट आणि ४ दाबून रुपयाचं चिन्ह यायचं तेही बंद झालं, कारण ते इंग्लिश इंडियाच्या कीबोर्डवर येतं, अमेरिकेच्या नाही. लाखाचे स्वल्पविराम हजार-हजाराचे झाले. जुन्या फॉन्टमधली सासऱ्यांची पत्रं उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला आमच्या छापील बिलाच्या कागदाचं माप शिकवून ठेवलेलं होतं, तेही गेलं. दोन दिवस बिलाची बेरीज रेघेच्या खाली छापली जात होती. यातली एकही गोष्ट फाईल नाही, पण प्रत्येकीवर कुणीतरी कधीतरी बसून वेळ घातलेला असतो. विंडोज १० आणि ११ मध्ये "रीसेट धिस पीसी" करताना "कीप माय फाइल्स" असा पर्याय आहे, तो लोकांना फार सुरक्षित वाटतो. तोही फायलीच ठेवतो. तुम्ही टाकलेली सॉफ्टवेअर आणि बदललेली सेटिंग जातात.

आता तुमचा लॅपटॉप. सुरू व्हायला सात-आठ मिनिटं लागत असतील तर आधी बघा आत जुन्या पद्धतीची फिरणारी हार्ड डिस्क आहे की एसएसडी, म्हणजे चिपवर चालणारी वेगवान डिस्क. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, परफॉर्मन्समध्ये डिस्कवर टिचकी मारली की कळतं. हार्ड डिस्क असेल तर शंभर वेळा फॉरमॅट मारून जो फरक पडणार नाही तो एसएसडी बसवून एका दिवसात पडेल, आणि जुनी डिस्क आहे तशी नव्या एसएसडीवर उतरवून घेता येते, म्हणजे सेटिंगला धक्का नाही. त्याच टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअप बघा, नको ते बंद करा. सी ड्राइव्ह गळ्यापर्यंत भरला असेल तर मोकळा करा. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. रजिस्ट्री (विंडोज आपली सेटिंग जिथे ठेवतं ती जागा) साफ करणारी फुकट सॉफ्टवेअर अजिबात टाकू नका.

एक अजून. तुम्ही रोज शटडाउन करता म्हणून मशीन रोज नव्याने सुरू होतं असं समजू नका. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोजचा गाभा तसाच डिस्कवर झोपवून ठेवलेला असतो. परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली अप टाइम बघा, कित्येकांच्या मशीनवर तिथे आठवडे निघतात. खरं नव्याने सुरू करायचं तर रीस्टार्ट करावं लागतं. हळूपणाच्या निम्म्या तक्रारी मी तेवढ्यानेच सुटलेल्या बघितल्यात.

विंडोज १० ला मोफत नियमित सुरक्षा अपडेट मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं, त्यामुळे ११ वर जायचा विचार तुम्हाला करावाच लागेल. पाच वर्षांचा लॅपटॉप बहुधा चालेल, पीसी हेल्थ चेक या मायक्रोसॉफ्टच्या ॲपमध्ये खात्री करून घ्या. पण त्यासाठीही फॉरमॅट लागत नाही. आहे त्यावरच अपग्रेड होतं, फायली आणि बहुतेक सेटिंग तशीच राहतात, आणि नाही पटलं तर १० दिवसांच्या आत मागे फिरता येतं.

फॉरमॅट कधीच मारू नये असं नाही. व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या, मशीन विकायचंय, किंवा विंडोज मुळातच उघडेनासं झालंय, तर मारावाच. माझे दीर अशा वेळी रात्री अकराला सुद्धा येतात, आणि डेटा जपण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही, हेही लिहायला हवं. पण मारायच्या आधी रीजन, कीबोर्ड, प्रिंटर, फॉन्ट यांच्या पडद्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि बिटलॉकर, म्हणजे चावीशिवाय डिस्क वाचता येऊ नये म्हणून विंडोजने घातलेलं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते का बघा. नुसत्या सी वर विंडोज टाकलं तरी डी ड्राइव्ह की मागू शकतो, आणि ती नसेल तर त्यातलं काही मिळत नाही.

फॉरमॅट मारून आलेलं मशीन हातात पडलं की कोरी एक्सेल शीट उघडा, एका घरात १३-६-२०२५ लिहा आणि एंटर दाबा. तारीख उजवीकडे गेली तर हिशेबाला बसा. डावीकडेच राहिली तर ज्याने विंडोज टाकलंय त्याला तिथल्या तिथे परत बोलवा.