डेटा गव्हर्नन्स बसवायचंय? आधी ‘चालू गिऱ्हाईक’ कोण ते ठरवा

तुमचा प्रश्न वाचला. नागपूरजवळच्या बुटीबोरीतली चारशे माणसांची कंपनी, कन्सल्टंटने डेटा गव्हर्नन्सचं, म्हणजे कंपनीतली कोणती माहिती कोणाची आणि ती कोणी कशी सांभाळायची याचं, चाळीस पानी धोरण करून दिलंय, मोठ्या साहेबांनी त्यावर सही केलीय, आणि सेल्स, अकाउंट्स, स्टोअर, एचआर यांपैकी कोणीही त्याला भीक घालत नाही. ‘आमचा डेटा आमच्याकडेच बरा’ हे सगळ्यांचं म्हणणं. सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारताय.

मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात चार वर्षांपासून हेच काम करतोय. मूळचा अकाउंट्सचा माणूस आहे, त्यामुळे माझा कल थोडा त्या बाजूला असणार, हे धरूनच वाचा.

ते धोरण कपाटात ठेवा. फेकू नका, ऑडिटला लागेल. मग सगळ्या विभागप्रमुखांना एका टेबलाशी बसवा आणि एकच प्रश्न विचारा: आपली चालू गिऱ्हाइकं किती?

आमच्याकडे हा प्रश्न एका शनिवारी दुपारी निघाला. सेल्सने सांगितलं अकराशे. अकाउंट्सने सांगितलं सातशे चाळीस. डिस्पॅचवाला बराच वेळ वहीत बोट फिरवत राहिला आणि म्हणाला, ‘माझ्यापाशी तर साडेपाचशेच पत्ते आहेत बाप्पा.’ तिघंही खरंच बोलत होते. ज्याला कोटेशन दिलं तो सेल्सचा गिऱ्हाईक. वर्षभरात ज्याचं बिल फाटलं किंवा ज्याच्याकडे बाकी आहे तो अकाउंट्सचा. ज्याच्या दारात आपली गाडी गेली तो डिस्पॅचचा. साहेब बँकेला जो आकडा दाखवत होते तो यातला कोणता, हे त्या खोलीत कोणालाही सांगता आलं नाही. चहा थंड झाला. त्या दिवसानंतर डेटा गव्हर्नन्स म्हणजे काय हे मला कोणाला समजावावं लागलं नाही.

शब्दाचा अर्थ काय आणि वाद झाला तर निकाल कोणाचा, हे लिहून काढणं हेच निम्मं काम आहे. उरलेलं निम्मं जास्त त्रासाचं. तिथे माझी एक चूक झाली, ती सविस्तर सांगतो.

आमच्या कस्टमर मास्टरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या गिऱ्हाइकांच्या मूळ यादीत, इतवारीतलं एक हार्डवेअरचं दुकान सहा वेळा होतं. एकदा ‘ट्रेडर्स’, एकदा ‘ट्रेडिंग’, एकदा नावापुढे ‘इतवारी’, एकदा ‘नवीन’, एकदा स्पेलिंग चुकलेलं, आणि एक ‘डू नॉट यूज’. सर्वात जास्त बिलं त्या ‘डू नॉट यूज’वरच फाटलेली. मी म्हटलं, पोरं निष्काळजी आहेत. दोन ट्रेनी बसवून दीड महिन्यात सगळा मास्टर धुऊन काढला, साहेबांना आधीचा-नंतरचा तक्ता दाखवला, शाबासकी घेतली. तीन महिन्यांनी पाहतो तर तेच दुकान पुन्हा तीन कोडवर, म्हणजे तीन वेगळ्या खाते क्रमांकांवर.

शेवटी सेल्सच्या एका पोराला गेटबाहेर तर्री पोहे खाऊ घातले तेव्हा खरं कळलं. जुन्या बाकीमुळे गिऱ्हाइकाचं खातं लॉक होतं. लॉक उघडायचं तर मेल टाका, अकाउंट्स दोन दिवसांनी बघणार, तोवर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाणार. नवीन कोड मात्र पाच मिनिटांत उघडतो. ‘भाऊ, मले टार्गेट आहे,’ तो म्हणाला, ‘कोडबिड तुमचं तुम्ही पहा.’ म्हणजे ज्याला मी घाण समजून साफ करत होतो ती त्यांनी काढलेली पायवाट होती. मग उलटीकडून सुरुवात केली. लॉक उघडायच्या अर्जावर अकाउंट्सने त्याच दिवशी होय-नाही द्यायचं ठरलं, आणि नवीन कोड उघडायला पॅन सक्तीचा केला.

पॅन का, जीएसटी नंबर का नाही? जीएसटीचा नंबर पंधरा अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं म्हणजेच पॅन. नागपूरच्या व्यापाऱ्याची एखादी शाखा छिंदवाड्यात असते, एखादी रायपूरला. म्हणजे २७, २३ आणि २२ ने सुरू होणारे तीन वेगळे नंबर, पण मधला पॅन एकच. बिल जीएसटी नंबरवर फाटू द्या, उधारीची मर्यादा मात्र पॅनवर लावा. नाहीतर महाराष्ट्रात अडकलेला माणूस मध्य प्रदेशाच्या कोडवर माल उचलतो, आणि तुमचं सॉफ्टवेअर त्याला हात जोडून गाडी भरून देतं. नोंदणी नसलेले छोटे दुकानदार असतील तर मोबाईल नंबरवर जुळवा. तो पक्का नसतो, पण नावापेक्षा बरा.

आता ओनर, म्हणजे नोंद बरोबर ठेवायची जबाबदारी ज्याची तो, कोण? सगळे म्हणतील आयटी. बिलकुल करू नका. कळमन्याचा कोल्ड स्टोरेजवाला मिरची सांभाळतो, पण मिरचीत खडे निघाले तर त्याला कोणी विचारत नाही. ज्या विभागात नोंद जन्माला येते त्याचा प्रमुख ओनर. पण नोंद चुकली की ज्याला भोगावं लागतं, त्या विभागाला ती अडवायचा अधिकार द्या. गिऱ्हाइकाची नोंद सेल्सची, पण अकाउंट्सने पास केल्याशिवाय कोड चालू होत नाही. हे दोन्ही एकाच विभागाला दिलं तर जुनीच रडकथा पुन्हा सुरू होते.

ओनरच्या खाली रोज लक्ष ठेवणारा एक माणूस लागतो. पुस्तकात त्याला स्टुअर्ड म्हणतात. आमच्याकडे तो शब्द चालला नाही, विमानातला वाटतो. आम्ही त्याला जागल्या म्हणतो. रात्री शेतात रानडुकरं हाकलायला जागलीवर जातात ना, तो. नाव थट्टेत पडलं आणि टिकलं.

आयटम मास्टरचे, म्हणजे मालाच्या मूळ यादीचे, जागल्या आमचे स्टोअरचे काका. बोल्टच्या साठ्यात दर महिन्याला फरक यायचा आणि ठपका त्यांच्यावर. खरेदी किलोत, स्टोअरची नोंद नगात, असेंब्लीची मागणी डब्यात. मी विचारायला गेलो तर भडकले, ‘मले मोजता येत नाही असं वाटते का तुम्हाले?’ मग मलाच काट्यासमोर उभं केलं, बारा एमएमचे शंभर बोल्ट मोजून टाकले, वजन दाखवलं, दुसऱ्या सप्लायरचे शंभर टाकले, वजन वेगळं. हा हिशेब वीस वर्षं त्यांच्या डोक्यात होता, कोणी विचारलाच नव्हता. आयटम मास्टरमध्ये सप्लायरवार नगाचं वजन असा एक रकाना वाढवला. फरक जवळपास थांबला. तुमच्याकडेही असा एखादा काका असेलच. तो रिटायर व्हायच्या आत त्याला गाठा.

एचआरबद्दल थोडक्यात. तिथे समजावण्यापेक्षा कायदा दाखवणं सोपं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि बहुतेक जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर अठरा महिने दिले आहेत. सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. नोकरीच्या कामासाठी लागणाऱ्या माहितीला संमतीच्या बाबतीत मोकळीक आहे, पण म्हणून कंत्राटी कामगारांच्या आधारचे फोटो गेटपासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडून राहावेत असं नाही. आमच्या ग्रुपवर तीन वर्षांचे होते. उलट बाजूही सांभाळा: उत्साहात सगळं पुसू नका. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं ठेवावी लागतात, आणि जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून बहात्तर महिने. कोणती फाइल कधी मरणार याचा एक पानाचा तक्ता करा आणि सीएकडून तपासून घ्या.

आम्ही जुन्या एक्सेल फाइली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काढतो, मारबतीच्या मुहूर्तावर, म्हणजे नागपुरात ईडा पीडा घालवायला मारबतीचे पुतळे मिरवतात त्या दिवशी. शेअर्ड ड्राइव्हवरच्या ‘फायनल’, ‘फायनल२’, ‘फायनल खरंच’ वगैरे सगळ्या. ‘ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत’ म्हणत डिलीटचं बटण स्टोअरचे काका दाबतात. बॅकअप असतो, घाबरू नका.

सॉफ्टवेअरचं तुम्ही शेवटी विचारलंय. पहिलं वर्ष घेऊ नका. आमच्याकडे अजूनही एक एक्सेल आहे: शब्द, अर्थ, ओनर, जागल्या, अडवणारा विभाग. एकोणचाळीस ओळी. महिन्यातून एकदा बुधवारी पाऊण तास बसतो, ज्याचा वाद असेल तोच बोलतो, आणि साहेब नसतील तर बैठक रद्द होते, कारण निकाल द्यायला कोणीतरी लागतं. तुमचे साहेब सही करून मोकळे झाले असतील तर आधी त्यांना या पाऊण तासासाठी पकडा.

चाळिसावी ओळ दोन बैठकांपासून अडलीय. शब्द आहे ‘डिलिव्हरी झाली’. डिस्पॅच म्हणतं गाडी गेटबाहेर पडली की झाली, सेल्स म्हणतं गिऱ्हाइकाची सही आली की झाली, आणि अकाउंट्सचं म्हणजे आमचं म्हणणं मी इथे लिहीत नाही, डिस्पॅचवाले हे वाचतात.