मतं पक्की नाहीत, मग हे काम नको?

पत्र : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगा १९ वर्षांचा, कम्युनिटी कॉलेजात आहे. शनिवार-रविवार गावच्या अॅम्ब्युलन्स पथकात विनामोबदला ईएमटीचं, म्हणजे रुग्णाला जागेवर प्राथमिक उपचार देण्याचं काम करतो. आता पॅरामेडिक (ईएमटीहून वरचं, इंजेक्शन-औषधं देणारं पद) नाहीतर पोलीस व्हायचं म्हणतो. पण एकदा सांगतो, पोलीस आधी पोचले म्हणून पेशंट वाचला. दुसऱ्या दिवशी म्हणतो, मानसिक रुग्णाच्या घरी पोलीस नकोतच. गोळी लागलेल्या पोराला उचलून आला, तरी २१ पूर्ण झाल्यावर पिस्तूल घेणारच म्हणतो. असा गोंधळलेला मुलगा तिथे टिकेल का? त्याच्या बाबांना कॉम्प्युटर सायन्स हवंय.

उत्तर : ताई, नमस्कार.

मला तो गोंधळलेला वाटत नाही. घरात टीव्हीसमोर बसून मतं पक्की करणं सोपं असतं, हा तर प्रत्यक्ष जागेवर उभा राहतो. १९९९ मध्ये कोलंबाइन शाळेत झालेल्या गोळीबारानंतर अमेरिकेत पोलिसांना शिकवलं गेलं की गोळीबार चालू असेल तर थांबायचं नाही, थेट आत शिरायचं. तरी २०२२ मध्ये टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेत, तसाच गोळीबार झाला तेव्हा, पावणेचारशेच्या आसपास पोलीस जमले आणि हल्लेखोराला गाठायला ७७ मिनिटं लागली. १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. पोलीस हवेतच आणि पोलीस चुकतातही, ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडून येऊ शकतात.

त्याला एक प्रकरण मुद्दाम वाचायला सांगा. कोलोरॅडोतल्या ऑरोरा शहरात २०१९ मध्ये पोलिसांनी इलायजा मॅक्लेन या निःशस्त्र तरुणाला रस्त्यात धरून खाली दाबलं. पॅरामेडिक आले आणि त्यांनी त्याला वजनाच्या मानाने जास्त केटामाइन (गुंगी आणणारं औषध) टोचलं. तो दगावला. डिसेंबर २०२३ मध्ये ज्युरीने त्या दोन्ही पॅरामेडिकना दोषी ठरवलं. पोलीस म्हणतात ‘हा भडकलाय’, पण श्वास, नाडी, वजन बघण्याची जबाबदारी पॅरामेडिकची असते. पोलिसांचं म्हणणं ऐकून घेणारा, पण तेच निदान न मानणारा मुलगा या कामाला हवाच असतो. म्हणून दोनपैकी माझं मत पॅरामेडिककडे झुकतं. न्यू जर्सीत ही सेवा मुख्यतः रुग्णालयांमार्फत चालते, तेव्हा त्याचे वरिष्ठही वैद्यकीय क्षेत्रातलेच असतील. पोलिसात गेला तर तोच मनाचा ताण कमरेला शस्त्र लावून आणि वरून येणारा हुकूम पाळत सोसावा लागेल. काहींना ते जमतं. त्याला जमेल की नाही हे घरी बसून ठरवू नका. काही ठाण्यांत ‘राइड-अलाँग’ची सोय असते, त्याने एक-दोन पाळ्या गाडीत बसून बघाव्यात.

आता पिस्तूल. आपण महाराष्ट्रात वाढलो, तिथे शस्त्र परवाना ही आयुक्तालयातली दुर्मीळ गोष्ट. अमेरिकेत १७९१ पासून शस्त्र बाळगणं हा घटनेतला हक्क आहे. सुप्रीम कोर्टाच्या २०२२ च्या ब्रुएन निकालानंतर तर न्यू जर्सीत घराबाहेर पिस्तूल जवळ बाळगण्यासाठी ‘खास गरज’ सिद्ध करण्याची अटही गेली. हक्क मानणारा आणि जखमा बांधणारा माणूस एकच असला, तर मला त्यात वावगं दिसत नाही. अॅम्ब्युलन्सवर मात्र बहुतेक ठिकाणी शस्त्र चालत नाही, आणि भरतीच्या चौकशीत सोशल मीडियावरच्या पोस्ट वाचल्या जातात. बंदुकीसोबतचे फोटो, पोलिसांवरची शेरेबाजी त्याने आवरावी.

पण ताई, सगळ्यात महत्त्वाचं तुम्ही लिहिलंच नाही : तो कोणत्या व्हिसावर आहे? एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांना मिळतो त्या व्हिसावर असेल तर २१ व्या वाढदिवसाला तो दर्जा संपतो, पगारी नोकरी करता येत नाही, आणि संघीय कायद्याने अशा बिगर-स्थलांतरित (तात्पुरत्या) व्हिसाधारकाला शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडले तर बंदूक जवळ ठेवताच येत नाही. मित्राबरोबर हौसेने नेमबाजीच्या रेंजवर जाणंही अंगाशी येऊ शकतं. ग्रीनकार्ड असेल तर पॅरामेडिकचा रस्ता मोकळा आहे. न्यू जर्सीतल्या नगरपालिका पोलिसात मात्र नागरिकत्वच लागतं.

बाबांची काळजीही खोटी नाही. ईएमटीची कमाई वर्षाला ४० हजार डॉलरच्या आसपास, पॅरामेडिकची त्याहून बरी, पण कॉम्प्युटरवाल्यांच्या जवळपासही नाही. पदवी सोडू नये, हे मीही म्हणेन. नर्सिंग किंवा फिजिशियन असिस्टंटकडे (डॉक्टरांसोबत रुग्ण तपासणारं पद) वळला तर अॅम्ब्युलन्सवरचे तास प्रवेशाच्या वेळी कामी येतात.

पुढच्या पत्रात व्हिसाचा प्रकार आणि त्याची जन्मतारीख कळवा. एच-४ असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाची वेळ घ्या, कॉलेजचा अर्ज त्यानंतर.