थर्मलमध्ये शिरण्याआधी

पोरी,

काल आणखी तीन ग्लायडरांबरोबर एकाच थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेच्या एकाच झोतात, चढलीस, हे वाचून फार आनंद झाला. पण पुढे तू लिहिलंस की चढ सुटू नये म्हणून नजर चढ-उताराचा वेग दाखवणाऱ्या व्हेरिओमीटरवरच खिळली होती, आणि माझ्या पोटात गोळा आला. म्हणून लगेच लिहायला बसलो.

व्हेरिओमीटर वाजतो तो याचसाठी. चढ कानांनी ऐकायचा आणि डोळे बाहेर ठेवायचे. ताशी 90 किलोमीटर वेगाने, 45 अंश कलून घिरट्या घालताना एक फेरी जेमतेम 16 सेकंदांत पुरी होते. चार सेकंद काट्याकडे पाहिलंस की पाव फेरी आंधळी गेली.

आधी आलेला ज्या दिशेने फिरतोय त्याच दिशेने फिरायचं, हे तुला पाठ आहे. शिरताना मात्र बाहेरच्या बाजूने, त्याच्या फेरीला अलगद स्पर्शत ये, आणि वेग आधीच उतरवून ये. भरधाव येऊन घोळक्यात नाक वर खेचणारे वैमानिक पाहिले की माझा संताप होतो. वर कोणाचं पोट आहे हे त्यांनी पाहिलेलं नसतं. एकाच उंचीवर दोघंच असाल तर वर्तुळाच्या बरोबर समोरच्या बाजूला राहा, म्हणजे दोघं एकमेकांना दिसत राहता.

खरा धोका खालून येतो. वरच्याला आपल्या पोटाखालचं काही दिसत नाही, आणि खालचा जास्त वेगाने चढत असेल तर अंतर गुपचूप मिटत जातं. माझ्यावर ही वेळ आली आहे. खालचं ग्लायडर दोन फेऱ्या दिसलं नाही, तेव्हा ते निघून गेलं असेल असं मी धरून चाललो. मग माझ्या नाकाखालून त्याचा पंख बाहेर आला, इतका जवळ की पुढच्या कडेला चिकटलेले किडे दिसले. मी पंख सरळ केले आणि वर्तुळाबाहेर निघालो. त्याने मला पाहिलंच नव्हतं, हे उतरल्यावर कळलं.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे: जवळचं ग्लायडर नजरेआड झालं आणि पुन्हा सापडलं नाही, तर थर्मल सोडायचं. सेकंदाला चार मीटरचा चढ असला तरी सोडायचं. सोडतानाही आधी बाहेरची बाजू बघ, मगच सरळ हो.

फ्लार्म, म्हणजे टक्करीचा इशारा देणारं यंत्र, चालू ठेवच, पण ते नसलेलं ग्लायडर त्याला कळत नाही. थर्मलकडे सरळ जाताना एक लक्षात ठेव: समोरचं ग्लायडर कॅनॉपीच्या, म्हणजे डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाच्या, काचेवर एकाच जागी थांबून मोठं होत असेल, तर टक्कर ठरलेली आहे. ते काचेवरून सरकत नाही म्हणूनच डोळ्यांतून सुटतं. समोरासमोर येणाऱ्या दोघांमधलं अंतर सेकंदाला 50 मीटरने घटतं, तेव्हा विचार करत बसू नकोस, वळ.

आणि पॅराशूट. उद्या नवं ग्लायडर मिळणार म्हणतेस. त्याच्या कॅनॉपीची आणीबाणीची मूठ आधीच्यापेक्षा वेगळ्या जागी असू शकते. हँगरमध्येच आत बस, डोळे मिट आणि हाताने क्रम गिरव: कॅनॉपी, पट्टा, बाहेर, मग दोरी. मुठी खऱ्याखुऱ्या ओढू नकोस, फक्त हात तिथपर्यंत ने. हात न चाचपडता पोचेपर्यंत दहा वेळा, वीस वेळा कर.