टोकामॅकला टोकच नाही!

परभणीच्या एका वाचकाने विचारलंय: 'टोकामॅक' या शब्दात आपलं 'टोक' आहे का, आणि त्याला मराठी शब्द कोणता?

'टोक' नाही. टोकामॅक म्हणजे हलके अणू जोडून ऊर्जा मिळवण्यासाठी प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू, चुंबकांनी कोंडून धरणारं यंत्र. ही 'टोक'वाली व्युत्पत्ती अलीकडे कुणीही ठोकून देतं आणि ऐकून डोकं उठतं. शब्द रशियन आहे. 'टोरॉइडाल्नाया कामेरा स मग्नित्नीमि कातुश्कामि', म्हणजे चुंबकीय वेटोळी बसवलेली कड्याच्या आकाराची कोठी. त्यातली अक्षरं उचलून इगोर गोलोव्हिन यांनी हे नाव केलं. 1968 साली मॉस्कोच्या टी-3 या टोकामॅकमधल्या तापमानाचे आकडे पाश्चात्त्यांना पटेनात. 1969 मध्ये ब्रिटिश पथकाने लेझर घेऊन तिथं जाऊन मोजलं, आकडे खरे निघाले, आणि यंत्रासोबत नावही जगभर गेलं.

उलट टोक नसणं हेच या यंत्राचं मर्म. सरळ नळीतला प्लाझ्मा दोन्ही टोकांनी निसटतो, म्हणून नळी वाकवून टोकं जोडून टाकली.

खरी मौज 'टोरस'मध्ये, म्हणजे या कड्यासारख्या आकाराच्या शास्त्रीय नावात आहे. लॅटिनमध्ये टोरस म्हणजे फुगवटा, उशी. आपले परिभाषावाले त्याला 'वलय' म्हणतात. अहो, वलय शनीचं, चपटं! त्याला पोट कुठंय? मराठवाड्यात घागरीखाली डोक्यावर ठेवतात ती चुंबळ बघा: गोल, गुबगुबीत, मधे भोक, आणि कामाने उशीच. शिवाय ती करताना धडप्याला पीळ देतात. टोकामॅकमध्येही नुसत्या वेटोळ्यांच्या चुंबकीय क्षेत्राने भागत नाही, प्लाझ्मा बाहेरच्या भिंतीकडे सरकतो. प्लाझ्मातूनच विद्युतप्रवाह वाहू लागला की क्षेत्ररेषांना पीळ बसतो, आणि 10 कोटी अंशांपलीकडचा प्लाझ्माही भिंतीपासून लांब धरता येतो.

'चुंबक' आला 'चुम्ब्' धातूवरून. लोखंडाला बिलगतो तो चुंबक. डोक्याला बिलगते ती चुंबळ, तेव्हा दोघांचं कूळ एकच असावं, असा माझा तर्क. एका कोशप्रेमी मित्राला तो मुळीच मान्य नाही. त्याने चुंबळ कोशातच पाहिलीय, त्याला काय सांगणार!

तेव्हा यंत्राला टोकामॅकच म्हणा, आकाराला मात्र बेलाशक चुंबळ म्हणा. आणि औंढा नागनाथजवळ होतेय ती लायगो, गुरुत्वीय लहरींची वेधशाळा. तिला कृपा करून टोकामॅक म्हणू नका. तो हवा असेल तर गांधीनगरला जा, तिथल्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत 1989 मध्ये 'आदित्य' सुरू झाला.