दोन फेऱ्यांतच दम का लागतो?

प्रश्न : माझं वय ४२. पोहायला मागच्या वर्षी शिकले. रोज पाच किलोमीटर चालते, पण २५ मीटरच्या तलावात फ्रीस्टाइलच्या दोन फेऱ्या झाल्या की काठ धरावा लागतो. दम कसा वाढवू?

उत्तर : ताई, एवढं चालता म्हणजे दम आहे, अडतंय ते श्वासापाशी. मीही पस्तिशीनंतर शिकलो आणि कितीतरी महिने पाण्यात श्वास कोंडून ठेवायचो. तोंड वर आलं की आधी सोडायचा, मग घ्यायचा. तेवढ्याशा वेळात दोन्ही कुठलं जमायला? कोंडलेल्या श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि जीव घाबरा होतो. म्हणून तोंड पाण्यात असेपर्यंत नाकातोंडातून बुडबुडे सुटत राहू द्या. आधी काठ धरून हेच करा, अगदी कंटाळा येईपर्यंत.

मग एक फेरी, अर्धा मिनिट विश्रांती, अशा आठ, सावकाश, आठवड्यातून तीनदा. आठवीही पहिलीइतकीच सहज झाली की दोन-दोन जोडा. नजर तळाकडे असू द्या. समोर बघितलं की डोकं उचललं जातं, पाय बुडतात. एका फेरीत हात किती मारता तेही मोजा. माझे २८ होते, वर्षभराने २१ वर आले, आणि दम लागणं तेव्हाच कमी झालं.