यात्रा, दिवाळी आणि तुझी दहावी

विटा, जि. सांगली

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा स्टँडवर भेटलास, वाकून नमस्कार केलास. मी नुसतं "काय चाललंय?" म्हणालो, तर तुझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "सर, शिक्षण तेवढं राहिलं." घरी आलो तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून लिहितोय.

नववीतून उठून मामाच्या परगावच्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या दुकानात गेलास, त्याला पाच वर्षं झाली. आपल्या खानापूर-आटपाडीकडच्या कितीतरी पोरांची हीच वाट आहे. तुझ्या पैशावर बहिणीचं कॉलेज चाललंय, हे मला ठाऊक आहे. तेव्हा खाली मान घालून बोलू नकोस.

आता वीस वर्षांचा तू नववीच्या बाकावर जाऊन बसायचं नाहीस. दोन रस्ते आहेत. एक राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म. दहावी घरून अभ्यास करून द्यायची, पण पहिल्या खेपेला सगळे विषय एकदम. गावात राहणाऱ्या पोराला तो बरा. तुला मी दुसरा सांगेन, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, जिला सगळे एनआयओएस म्हणतात. ही केंद्र सरकारची संस्था आहे, १९८९ पासून चालू आहे आणि मराठी माध्यमही आहे. पाच विषय घ्यायचे, त्यात किमान एक भाषा. पास व्हायला ३३ टक्के. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, आणि एकदा पास झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. या खेपेला दोन, पुढच्या खेपेला दोन, असं चालतं.

त्यांच्या परीक्षा कधी असतात? एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. आता तूच सांग, तुम्ही गलाईवाले गावी कधी येता? यात्रेला आणि दिवाळीला. अभ्यासकेंद्र इकडचंच निवड. तारखा लागल्या की सुट्टी त्याप्रमाणे मागून घे. मामाशी बोलायचं असेल तर मी बोलतो.

गणिताची भीती वाटते म्हणालास. तुझ्या बोटांवरचे तेजाबाचे पिवळे डाग मी पाहिले. त्याच बोटांवर तू मला हिशोब करून दाखवलास की बावीस कॅरेट म्हणजे ९१.६. अरे, चोवीस भागातले बावीस, त्याचे शंभरात किती, हीच तर शेकडेवारी! पुस्तकात हेच आमच्या भाषेत लिहिलंय, एवढाच फरक. कष्ट पडतील ते लिहिण्याचे. पाच वर्षं हातात पेन नाही. तीन तास सलग लिहायचं म्हणजे मनगट दुखून येतं. म्हणून दुकान बंद झालं की रोज एक पान लिही, काहीही. मुखोद्गत केलेलं नको, स्वतःच्या शब्दांत. घरून लिहायच्या असाइनमेंटलाही २० टक्के गुण असतात, त्या कुणाची वही बघून उतरवू नकोस.

एक गोष्ट मनाला लागून आहे, ती सांगतो. माझी एक विद्यार्थिनी होती, आठवीनंतर शाळा सुटलेली. फी थकली म्हणून तिच्या शाळेनं दाखला अडवला आणि मी "बघू पुढच्या वर्षी" म्हटलं. पुढच्या वर्षी तिचं लग्न होतं. तेव्हाच उठून त्या शाळेत जायला हवं होतं मी. म्हणून तुला आधी कागदांचं सांगतो. शाळेतून दाखला काढ. त्यावरचं नाव आणि जन्मतारीख आधारशी अक्षर न् अक्षर जुळते का बघ. नसेल तर दुरुस्ती आत्ताच, फॉर्म भरताना नको.

आणि "परीक्षा न देता दहावी करून देतो" म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नकोस. ते मंडळांची नावं अगदी सरकारी वाटावीत अशी ठेवतात. पैसे जातातच, वर भरतीच्या पडताळणीत मार्कशीट खोटी निघाली की पोरगा कायमचा अडकतो. तुला पोलीस भरतीचं मनात आहे ना? तिथे बारावी लागते. म्हणजे दहावीनंतर बारावीही याच रस्त्यानं. वयाची अट डोक्यात ठेवूनच वर्षं मोज.

कर्मवीर अण्णांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली. त्यांच्या 'कमवा आणि शिका'तलं कमवणं तू पंधराव्या वर्षीच शिकलास. उरलेलं अर्धं करायला माझ्याकडे वेळही आहे आणि उत्साहही.

परत जाण्याआधी रविवारी सकाळी घरी ये. दाखला आण, आधार आण, दोन फोटो आण. फॉर्म ऑनलाइन असतो, आपण दोघं बसून भरू. येताना पेनही घेऊन ये. चहा झाला की तुझ्याकडून एक पानभर मराठी लिहून घेणार आहे.

तुझे सर