वापरलेली जेट बोट: कमी तासांची 18 फुटी घ्यावी की नोंदवहीसकट 23 फुटी?

तुम्ही दिलेल्या माहितीवरून चित्र असं दिसतं. एक 2006 ची 18 फुटी सी-डू, 215 अश्वशक्तीचं एकच इंजिन, त्याला सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र), इंजिन किती चाललं ते मोजणाऱ्या मीटरवर फक्त 90 तास. दुसरी तिच्यापेक्षा थोडी नवी 23 फुटी यामाहा, सुपरचार्जर नसलेली दोन साधी इंजिनं, 340 तास, आणि प्रत्येक ऑइल बदलाची नोंद असलेली वही. घरात दोन लहान मुलं, आणि तुमच्यापैकी कुणीच आजवर बोट चालवलेली नाही. 'तास कमी' म्हणून तुमचं मन पहिलीवर बसलंय. मी दुसरी घेईन.

इतक्या वर्षांत 90 तास म्हणजे बोट बहुतेक वेळ उभीच होती. उभ्या बोटीत पेट्रोल शिळं होऊन इंजेक्टरमध्ये चिकटा धरतो, रबरी सील सुकतात, बेअरिंगला गंज चढतो. मीटरला यातलं काही दिसत नाही. त्यात सी-डूच्या त्या काळच्या रोटॅक्स इंजिनाच्या सुपरचार्जरमध्ये सिरॅमिकचे वॉशर असत. ते फुटले की तुकडे ऑइलमधून थेट इंजिनात जातात. दर 100 तासांनी सुपरचार्जर उघडून नवे वॉशर घालायची शिफारस होती, नंतर धातूचे आले. म्हणून मालकाला एकच विचारा: वॉशर बदलले का, आणि पावती कुठे आहे? पावती नसेल तर त्या कामाचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला. आणखी एक, सी-डूने 2012 मध्ये या बोटी बंद केल्या. इंजिन वॉटर स्कूटरमध्येही वापरलेलं असल्याने त्याचे भाग मिळतात, पण हॅच, सीट, डॅशबोर्ड यांसाठी वणवण करावी लागते.

सी-डूची एक बाजू मात्र खरंच जमेची. तिच्या इंजिनाभोवती गाडीसारखं बंद कूलंट फिरतं, यामाहात बाहेरचंच पाणी फिरतं. खाऱ्या पाण्यात चालवणार असाल तर यामाहा प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुवावीच लागेल, आळस चालणार नाही.

धुण्यावरून आठवलं. विकणाऱ्याला म्हणा, "फ्लश करून दाखवा," म्हणजे नळ जोडून इंजिन आतून धुवून दाखवा, आणि गप्प उभे राहा. आधी इंजिन सुरू, मग नळ. थांबवताना आधी नळ बंद, मग इंजिन. क्रम उलटा झाला तर एक्झॉस्टमधून पाणी सिलिंडरात जाऊ शकतं. ज्याचा हात इथे चुकतो, त्याची वही कितीही सुबक असो, मी तिच्यावर विश्वास ठेवणार नाही.

आता पंप, म्हणजे खालून पाणी ओढून मागे झोत मारणारा भाग; त्यावरच जेट बोट चालते. टॉर्च घेऊन बोटीखाली आडवे व्हा आणि इम्पेलरच्या, म्हणजे पंपात फिरणाऱ्या पंख्याच्या, पात्यांच्या कडा बघा. चावा घेतल्यासारख्या दिसल्या तर दगड-वाळू आत गेलेली आहे. पाती आणि भोवतीची झिजणारी कडी (वेअर रिंग) यांतली फट फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, मोजा. एक मिलिमीटरवर गेली असेल तर रिंग गेली समजा. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी 1950 च्या दशकात उथळ, खडकाळ नद्यांसाठी जेट बोट रुजवली, त्यामुळे 'कुठेही चालते' असं विकणारे छातीठोकपणे सांगतात. चालते खरी, पण उभी असताना तळाची वाळू ओढते. इंजिन सुरू करताना खाली किमान तीन फूट पाणी हवं.

पाण्यावरची चाचणी थंड इंजिनाने सुरू करा. तुम्ही पोहोचायच्या आधीच इंजिन तापवून ठेवलेलं असेल तर परत या, दुसऱ्या दिवशी या. डिपस्टिकवर (ऑइल तपासायच्या पट्टीवर) ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय, तिथेच विषय संपला. पूर्ण थ्रॉटलला आरपीएम चढतो पण बोट सुटत नाही, असं झालं तर पंप गळपटलाय किंवा काहीतरी अडकलंय. कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरातला दाब, मेकॅनिककडून मोजून घ्या. आकडा किती यापेक्षा सिलिंडरांमध्ये फरक किती हे बघायचं, दहा टक्क्यांपुढे गेला की मी मागे सरतो. ट्रेलरची बेअरिंग आणि टायर बघायला विसरू नका.

दोन इंजिनांचा खर्च जास्त, पेट्रोल जास्त, हे खरंच. पण माझी पहिली बोट एका इंजिनाची होती. बोटीमागे ओढायच्या हवेच्या ट्यूबची सैल दोरी पंपाने गिळली आणि आम्ही चौघं दोन वल्ह्यांनी किनाऱ्याला लागलो, मुलगा अजून हसतो. दोन इंजिनांत एक अडकलं तरी दुसऱ्यावर हळूहळू घरी येता येतं. यामाहाच्या बऱ्याच दोन इंजिनांच्या बोटींत मागे क्लीन-आउट पोर्ट, म्हणजे पंपापर्यंत हात घालायचं झाकणाचं भोक, असतं, इंजिन बंद करून तिथूनच दोरी-शेवाळ काढता येतं. तुमच्या बोटीत आहे का बघा.

नवख्याला सगळ्यात जड जातं ते वळवणं. जेट बोटीला रडर (सुकाणू) नाही, पाण्याचा झोत वळतो तेव्हा बोट वळते. धक्क्याजवळ घाबरून थ्रॉटल सोडलात की स्टिअरिंग निव्वळ शोभेचं. हा सराव मोकळ्या पाण्यात, मुलांना न घेता करा. दोन पंप असले की हळू वेगात बोट जरा जास्त ऐकते.

मुलांसाठी नियम एकच आणि त्याला अपवाद नाही. इंजिन चालू असताना मागच्या प्लॅटफॉर्मवर कुणी नाही, पाण्यातही कुणी मागे नाही. प्रोपेलर नाही म्हणून लोक निर्धास्त होतात, पण या बोटींत न्यूट्रलमध्येही इम्पेलर फिरतच असतो, फक्त झोतापुढे येणारं झाकण (बकेट) झोत अडवतं. केस, दोरी, सैल कपडा खालून आत ओढला जाऊ शकतो, आणि झोताचा मार शरीराला गंभीर इजा करतो. ट्यूबवर बसणाऱ्यांना निओप्रीनची (जाड रबरी कापडाची) चड्डी घाला, पोहण्याची साधी चड्डी पुरत नाही.

18 फुटीवाल्याने वॉशरची पावती दाखवली, थंड इंजिनाने चाचणी दिली आणि किंमतही उतरवली, तर पुन्हा विचारा, मग आकडे पाहून बोलू.